एका सुईणीची अर्धशिशी

"तुझ्या डोळ्यांना काही झालेलं नाही," वैद्यबुवा म्हणाले. "ही अर्धशिशी आहे."

सदाशिव पेठेत त्यांच्या ओट्याखालच्या पायरीवर मी बसले होते. पदर कपाळाखाली ओढलेला, कारण सकाळचं कोवळं ऊनसुद्धा सोसत नव्हतं. आता मी आंधळी होणार, हे ऐकायची तयारी करून मी घरून निघाले होते. नवऱ्याला काही बोलले नव्हते. आणि हे म्हणतात, अर्धशिशी.

"अर्धशिशीत डोकं दुखतं, बुवा. मला दिसेनासं होतं."

"दिसेनासं झाल्यावर डोकं दुखतं की नाही?"

"दुखतं. पण ते निराळं."

"निराळं हे कुणी ठरवलं? तू?"

वीस वर्षं मी ते निराळंच धरून चालले होते.

माझं नाव भागीरथी. राहते कसब्यात. नवरा जीनगर, घोड्यांची खोगिरं शिवतो. मी सुईण आहे, सासूच्या हाताखाली शिकले. मला अक्षर येत नाही. मी बोलते आहे आणि वैद्यबुवा मोडीत लिहून घेताहेत. कल्पना त्यांचीच. म्हणाले, "बायका माझ्याकडे येतात त्या सगळे उपाय करून थकल्यावर. तुझं ऐकून एखादी आधी आली तर माझेही श्रम वाचतील." म्हणून हे सांगणं. ज्या बाईला माझ्यासारखं होतं, किंवा ज्या पुरुषाला होतं आणि तो बोलत नाही, त्यांच्यासाठी.

पहिल्यांदा झालं तेव्हा माझी थोरली मुलगी अंगावर पीत होती. सकाळी हौदावर पाणी भरत होते. पाण्यावर ऊन पडलं होतं आणि त्यात मला एक चमकता ठिपका दिसला. डोळे चोळले, ठिपका गेला नाही. तो वाढत गेला. जरीच्या काठाला नागमोडी वेल असते तशी एक लखलखती रेघ झाली आणि ती थरथरत बाजूला सरकायला लागली. रेघेच्या आत काहीच दिसत नव्हतं. शेजारीण बोलत होती, तिचं अर्धं तोंड होतं आणि अर्धं नव्हतं.

एका घटकेत ते सगळं गेलं. मला हायसं वाटलं. मग डावीकडे भुवईच्या वर ठोका पडायला लागला.

तो ठोका नाडीबरोबर पडतो. जिना चढलं तर वाढतो, वाकलं तर वाढतो. दुपारपर्यंत अर्धं डोकं दुसऱ्याचंच झाल्यासारखं होतं. उजेड नको, भांड्याचा आवाज नको, फोडणीचा वास तर मुळीच नको. पोटात काही राहत नाही. एक दिवस जातो, कधी दोन. तिसऱ्या दिवशी उठावं तर अंगात पिठाच्या पोत्याइतकाही जीव नसतो, आणि घरातले म्हणतात, "झालं ना बरं? मग तोंड का असं?"

सासूने दृष्ट काढली. मिरच्या जळल्या, त्या धुराने मी आणखी आडवी झाले. एकीने सांगितलं, सूर्य उगवायच्या आत दूध-जिलबी खा. खाल्ली. गोड लागली, बाकी काही नाही. एकाने कपाळावर डाग द्यायला सुचवलं. नवरा शांत माणूस आहे, पण त्या दिवशी म्हणाला, "मी चामड्यावर डाग देतो. हिच्यावर नाही."

हे सगळं डोकेदुखीसाठी. डोळ्यांपुढच्या रेघेबद्दल मी कुणालाच सांगितलं नाही. सुईणीला दिसेनासं होतं असं एकदा पसरलं की तिला कोण बोलावणार?

आणि त्या लपवण्यानेच शुक्रवार पेठेतलं प्रकरण झालं.

घर मोठं होतं. सून पहिलटकरीण. सगळं नीट झालं, मुलगा झाला, रडला. बाळामागोमाग वार पडली. आम्ही ती उलटसुलट करून बघतो. पूर्ण आली की नाही, कडा कुठे तुटली आहे का, हे बघणं म्हणजे अर्धं सुईणपण. मी ती हातात घेतली आणि तेवढ्यात तो ठिपका आला. जरा थांबायला हवं होतं. बरोबर माझी धाकटी जाऊ गंगा होती, तिला "तू बघ" म्हणायला हवं होतं. मी दिसेल तेवढं बघितलं, "पूर्ण आहे" म्हणाले आणि घरी येऊन अंधारात पडले.

तुकडा आत राहिला होता. चौथ्या दिवशी ताप चढला. पोर महिनाभर मरणाच्या दारात होती. वाचली, पण दूध आटलं. बाळाला दाई ठेवावी लागली. मी विचारपूस करायला गेले तर तिची सासू दारातच उभी राहिली. "आपण आलात, उपकार झाले," ती म्हणाली. "आता पुन्हा तसदी घेऊ नये."

तिचं काही चुकलं नव्हतं. मी मागे फिरले आणि दुसऱ्या दिवशी वैद्यबुवांच्या पायरीवर येऊन बसले.

त्यांनी मनगटावर वस्त्राचा पदर ठेवून नाडी बघितली. मग इतके प्रश्न विचारले की मी दमले. रेघ एकदम येते की हळूहळू? हळूहळू. एका डोळ्याला की दोन्ही? मी म्हटलं, डाव्या. ते म्हणाले, "डावा झाकून कधी बघितलंस?" नव्हतं बघितलं. पुढच्या खेपेला बघितलं तर रेघ उजव्या डोळ्यातही होती. बोटांना मुंग्या येतात का? येतात, आधी बोटं, मग मनगट, कधी ओठाचा कोपरा. तेही सावकाश? हो. आणि मग जातं? हो.

"हळूहळू चढतं आणि आपण उतरतं, म्हणून मी अर्धशिशी म्हणतो," ते म्हणाले. "एका क्षणात हात लुळा पडला, तोंड वाकडं झालं, किंवा आयुष्यात दुखलं नाही असं डोकं एकदम फुटायला लागलं, तापाबरोबर मान वाकेनाशी झाली, तर ती अर्धशिशी नव्हे. तेव्हा माझी वाट बघत पायरीवर बसू नकोस. हाका मार." हे त्यांनी आज मला पुन्हा सांगायला लावलं आहे. कुणी डोकेदुखी म्हणून घरात निजून राहू नये.

पोथीत याला अर्धावभेदक म्हणतात. अवभेदक म्हणजे फोडणारा. अर्धं डोकं फोडणारा रोग. पण फोडणं हा त्याचा मधला भाग आहे, असं बुवा म्हणाले. त्याला आधी आणि नंतरही असतं. तो आधीचा भाग ओळखायला मला वर्ष लागलं.

"बरी होईन का?" मी विचारलं.

"नाही," ते म्हणाले. मग माझ्याकडे बघून त्यांना वाटलं असावं की जरा जास्तच तोडून बोललो. "कमी होईल. वय वाढेल तसं आणखी कमी होईल. पण आज मी पुडी दिली आणि उद्या गेलं, असं सांगणारा वैद्य हवा असेल तर बुधवार पेठेत पुष्कळ आहेत."

बुधवारातही मी जाऊन आले होते, हे मी त्यांना सांगितलं नाही. आता लिहिताना ऐकताहेत.

अफूचंही सांगून टाकते. शेजारच्या एका म्हातारीने गुळाच्या खड्यात घालून दिली होती. पहिल्यांदा वाटलं, देवाने ऐकलं. मग महिन्यात दोनदा घेतली, मग आठवड्यात दोनदा, मग डोकं दुखायच्या भीतीनेच घ्यायला लागले. शेवटी अशी वेळ आली की डोकं रोज दुखायचं आणि अफू घेतली तरच थांबायचं. बुवांनी डबी मागून घेतली. "अफूने दुखणं थांबत नाही, तू थांबतेस," ते म्हणाले. एकदम तोडली नाही, थोडी थोडी कमी केली. ते पंधरा दिवस मला आठवायचे नाहीत. नवरा ओल्या फडक्याच्या घड्या बदलत बसायचा, एवढं आठवतं.

औषध साधं होतं. सकाळी नाकात कोमट तुपाचे थेंब, त्याला नस्य म्हणतात. दुखायला लागताच कपाळावर सुंठ किंवा चंदन उगाळून लेप. मला चंदन सोसलं, सुंठीने जळजळायचं. अंधारी खोली. घोट घोट पाणी. आणि पहिला ठोका पडायच्या आत आडवं होणं. हे शेवटचं सगळ्यांत अवघड. कारण बरं वाटत असताना काम टाकून निजायला बाईमाणसाला कोण देतं? मीच मला देत नव्हते.

खरं औषध म्हणजे हिशेब ठेवणं, पण अक्षराशिवाय कसं ठेवायचं? मी नवऱ्याकडून चामड्याची एक वादी मागून घेतली. डोकं दुखलं की एक गाठ. गाठीत चिंधी, आदल्या दिवशी जे जे झालं असेल त्या प्रत्येकाची एक. उपास असेल तर पांढरी. पाळी आली असेल तर लाल. उन्हात चालले असेन तर पिवळी. रात्रभर बाळंतिणीपाशी जागले असेन तर काळी. सहा महिन्यांनी वादी बुवांपुढे ठेवली. त्यांनी ती लांबूनच बघितली.

"एकटी चिंधी किती गाठींत आहे?"

फारच थोड्या गाठींत होती. बहुतेकींत दोन दोन, तीन तीन. नुसतं जागरण मी निभावून नेत होते. जागरणावर उपास केला की आडवी. पाळीच्या आदल्या दिवशी उन्हात गेले की आडवी.

"म्हणजे एक ओझं उचलतेस, दुसरं घेतलंस की पडतेस," बुवा म्हणाले. "दोन घेऊ नकोस. हे सांगायला खरं तर वैद्य लागत नाही."

एक गोष्ट वादीवर नव्हती, ती नवऱ्याने ओळखली. घरात सरस शिजवला की दुसऱ्या दिवशी मी पडते. चामड्याचा सरस, त्याचा वास भिंतीत मुरतो. त्याने काही न बोलता चूल उचलली आणि नदीकडच्या बाजूला भावाच्या परसात नेऊन मांडली. आता दिवसातून चार खेपा घालतो. मी विचारलं तर म्हणाला, "तिथे वारा बरा आहे."

आणि आधीची चिन्हं. ती माझ्यापेक्षा गंगाला आधी कळायला लागली. आदल्या दिवशी मी जांभया देते. मान आखडते. गूळ मागते. सारखी मोरीकडे जाते. आणि विनाकारण चिडते. "अक्का, तुम्ही आज तिसऱ्यांदा माझ्यावर ओरडलात," ती म्हणायची, "उद्या पडणार." मला राग यायचा. दुसऱ्या दिवशी मी पडायचे.

या सगळ्याने महिन्याला चार-पाच वेळा येणारं दुखणं एक-दोनदा यायला लागलं. मला वाटलं, जिंकले. माणसाला वाटतंच.

वटपौर्णिमेचा दिवस. उपास सोडलेच होते, पण हा सोडायला मन झालं नाही. शेजारपाजारच्या सगळ्या निर्जळी करणार आणि मी भाकरी खाणार? दोन रात्री नारायण पेठेत एका बाळंतिणीपाशी जागून काढल्या होत्या. गंगा म्हणाली, "अक्का, दूध तरी घ्या." मी तिला गप्प केलं. वडाला फेऱ्या घालून येते तर दारात बैलगाडी. बिबवेवाडीच्या एका शेतकऱ्याची बायको अडली होती.

भर दुपार. पर्वतीच्या पायथ्यावरून गाडी निघाली. रस्त्याला सावली नाही, गाडीला छप्पर नाही, प्रत्येक धक्का मानेत जात होता. मला ठाऊक होतं काय होणार आहे. तरी वाटत होतं, आज नाही होणार.

घरात शिरले तर म्हातारी सासू पुढे आली. "लई येळ झाला बाई. पाणी गेलंया, पन काय हलंना. पोरीचं पाय गार पडल्यात." बाळंतीण सतरा-अठराची, मुंडावळ्या सुटून वर्षही झालं नसेल. मी पोटावर हात ठेवला. डोकं वर होतं. मूल पायाळू होतं.

हात काढला आणि तिच्याकडे बघितलं. तिच्या कपाळाच्या जागी तो ठिपका होता.

मी थांबले. रेघ पसरली, मुलीचं तोंड गेलं, मग खांदा गेला. त्यातून बोटांना मुंग्या आल्या. उजव्या हाताची बोटं एकेक करून माझी राहिली नाहीत. अंगठा लावून बघितला, कळेना.

"गंगे," मी हळूच म्हटलं, "मला दिसत नाही."

"किती?"

"अर्धं. आणि बोटंही गेली."

गंगा अकरा वर्षं माझं गाठोडं उचलत होती. पाणी तापवायची, फडकी धुवायची, बाळ पुसायची. मी तिला कधी पुढे होऊ दिलं नव्हतं. तिला येत नाही असं मी लोकांना सांगायचे. खरं सांगायचं तर मला तिला येऊ द्यायचं नव्हतं.

"अक्का, मी नाही करायची. पायाळू आहे."

"मग आई आणि मूल दोघंही जातील."

एवढं बोलून मी म्हातारीकडे वळले. शुक्रवार पेठेत जे बोलले नाही ते इथे बोलले. "आजी, माझं डोकं धरलंय. मला आत्ता नीट दिसत नाही. हात हिचे, सांगणं माझं. चालेल का?"

म्हातारीने माझ्याकडे बघितलं असावं. तिचं तोंड मला दिसत नव्हतं. "हाताला हात हाय न्हवं?" ती म्हणाली. "मंग उभ्या का? करा की."

मी डोळे मिटले. मिटल्यावर रेघ आतही होतीच, पण निदान अर्धी माणसं दिसत नव्हती. गंगाच्या पाठीला पाठ लावून बसले. "काय आलं?" "पाय." "ओढू नकोस." "कंबर आली." "हात लावू नकोस. येऊ दे आपणहून. नाळ बघ, ताणली असेल तर थोडी सैल कर." मध्ये मला शब्द सापडेना. खांदा म्हणायचं होतं आणि तोंडातून खिडकी आलं. गंगाने विचारलंही नाही. "खांदा ना? फिरवते," ती म्हणाली. तेव्हा मला कळलं की हिला सगळं येतं. अकरा वर्षं ती नुसती फडकी धूत नव्हती.

"डोकं राहिलं, अक्का."

"बाळाला हातावर आडवं घे. हनुवटी छातीला. घाई नको. आजी, पोरीला म्हणावं, आता जोर."

मुलीने जोर केला. मग गंगा म्हणाली, "आलं," आणि पुढे काहीच आवाज नाही. बाळ रडत नव्हतं. ती त्याची पाठ चोळत होती, तो घासल्याचा आवाज मला ऐकू येत होता. माझा पहिला ठोका डाव्या भुवईवर पडला. मी मोजायला लागले. नऊ ठोके. दहाव्याला ते रडलं.

तो आवाज माझ्या डोक्यात खिळ्यासारखा गेला. मी भिंत धरत गोठ्यात गेले आणि ओकले. पोटात काही नव्हतंच. एका गाईला टेकून बसले. मागून गंगाचा आवाज आला, "अक्का, वार आली. मी दोनदा बघितली. पूर्ण आहे. आजींनाही दाखवली."

मी रडले. दुखण्याने की कशाने, मला सांगता येणार नाही.

परत येताना गाडीत गवताच्या पेंढ्यावर मला निजवलं होतं. म्हातारीने डोक्याला ओलं लुगडं गुंडाळून दिलं होतं आणि बजावलं होतं, "पुन्यांदा उपाशी यायचं न्हाई हितं." मी तीन दिवस पडून होते. त्या खेपेचं दुखणं आजवरच्यात वाईट होतं.

चौथ्या दिवशी बुवांकडे गेले. सगळं सांगितलं. मला वाटलं, रागावतील.

"वटसावित्री पावली म्हणायची," ते म्हणाले. मग म्हणाले, "त्या जावेला उद्यापासून पुढे कर. हे औषध म्हणून सांगतोय."

तेव्हापासून कुणी बोलवायला आलं की मी दारातच सांगते. मला अर्धशिशी आहे. त्या वेळी मला दिसत नाही. माझ्याबरोबर गंगा येते, आणि मी पडलेली असले तर गंगा एकटी येते. चालत असेल तर बोलवा. काही घरं बोलवत नाहीत. सुरुवातीला वाईट वाटायचं. पुष्कळ घरं बोलवतात. शुक्रवार पेठेतल्या त्या मुलीकडेही जाऊन मी खरं काय झालं ते सांगून आले. सासू आत निघून गेली. ती मुलगी उभी राहिली, ऐकून घेतलं, "बरं," म्हणाली. तिने माफ केलं असं मी म्हणणार नाही.

ज्यांना हे दुखणं आहे त्यांना माझं सांगणं थोडंच आहे. चमक दिसली तर लपवू नका. उपाशी राहू नका, मग कुणी काही म्हणो. आपल्याला काय सोसत नाही हे दुसऱ्याला विचारू नका, आपलं आपण बघा, प्रत्येकीचं निराळं असतं. अफूपासून लांब राहा. आणि घरातल्यांनो, ती पडली असेल तर दार लोटून घ्या आणि "अजून नाही का राहिलं?" असं विचारायला आत जाऊ नका.

मी बरी झाले नाही. आता चाळिशी उलटली. महिन्यातला एखादा दिवस जातोच, आणि त्याच्या पुढचा दिवस त्याच्या थकव्यात. मी फार दमले आहे, हेही बुवांनी लिहावं असं मी म्हटलं. त्यांनी लिहिलं आहे असं म्हणतात.

गेल्याच आठवड्यात पडले होते. दार लोटलेलं, डोक्यावर ओलं फडकं. संध्याकाळी गंगा नारायण पेठेतून आली आणि उंबऱ्याशी बसली. जुळं होतं म्हणाली. दुसरं आडवं होतं, फिरवलं. दोन्ही मुली. आई बरी आहे.

पूर्वी मी उठून बसले असते. कसं फिरवलंस, किती वेळ लागला, रक्त किती गेलं, वार एक की दोन, शंभर प्रश्न विचारले असते आणि एक तरी चूक काढली असती.

"जेवलीस का?" मी विचारलं.

"जेवले."

"बरं," मी म्हटलं आणि भिंतीकडे तोंड करून निजले.